जेवला की जेवली

रवि. १३ जुलै

काल उपकेंद्रात बीपी तपासलं. तपासणारी आमचीच, म्हणजे बायको, संघरत्ना. ती तिथे नर्स आहे. आकडा तिने मला सांगितला नाही, बाकावर बसलेल्या सगळ्यांना सांगितला. तेव्हापासून जेवणात मीठ नावाला, लोणचं-पापड बंद, आणि सुकी मासळी तर आयुष्यातून बाद. मी म्हणालो, बाद तर बाद. माणसाच्या मनाला ब्रेक पाहिजे. माझ्या मनाला आहे.

दुसरा संकल्प मोठा. श्वेता (कन्या, इयत्ता दुसरी) हिच्या संजीवनी मॅडम पालकसभेत म्हणाल्या की घरच्या खोडकर प्राण्यांच्या यमकातल्या गोष्टी मुलांना फार आवडतात, पण पुस्तकांतली मांजरं सोफ्यावर बसतात आणि केक खातात. किन्हवलीच्या मुलांना त्यात मजा येत नाही. मी उभा राहिलो आणि सांगितलं, मी लिहितो. पंचवीस गोष्टी. दिवाळीपर्यंत पुस्तक. टाळ्या पडल्या नाहीत, कारण सभा संपली होती.

नायिका घरातच आहे. रंगू. श्वेताची मांजर. श्वेताने तिला पावसात मोरीखालून उचलून आणलं, तेव्हापासून दोघी एका गोधडीत झोपतात.

एक खुलासा इथे करून ठेवतो. मी घरजावई नाही. हे घर सासूबाईंचं, गोजाबाईंचं आहे, हे खरं. पण आमचं राहणं तात्पुरतं आहे. डोळखांबकडचं माझं घर दुरुस्त झालं की आम्ही जाणार. श्वेताच्या जन्माच्या आधीपासून हेच ठरलेलं आहे.


मंगळ. १५ जुलै

शहापूरच्या ऑफिसात रजा टाकली. कारण लिहिलं प्रकृती. खरं कारण साहित्य.

सासूबाई भाताच्या लावणीला, संघरत्ना ड्युटीवर, श्वेता शाळेत. घर रिकामं. लिहायला आदर्श वातावरण. टेबल खिडकीपाशी नेलं. उजेड डोळ्यांवर आला. परत आणलं. मग रंगूचं निरीक्षण सुरू केलं. ती झोपली. निरीक्षण करता करता माझाही डोळा लागला.

रात्री मला दोडका. बिनमिठाचा. बाकीच्यांना सुक्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. सासूबाई म्हणाल्या, वासाला बीपी नसतो, वास घ्या पोटभर. त्यांचा स्वभाव विनोदी आहे.

मी वास घेतला. काही वाटलं नाही. ब्रेक.


शुक्र. १८ जुलै

अजून एक ओळ नाही. कारण सापडलं. लेखकाने पात्राच्या जागी उभं राहायला हवं. मांजर ज्या नजरेने फळीवरच्या डब्याकडे बघते, ती नजर मला कुठून येणार?

म्हणून दुपारी फळीपाशी उभा राहिलो. सासूबाईंचा बोंबलांचा डबा. पावसाळ्याची सगळी बेगमी त्यात. झाकण घट्ट बसतं, उघडताना टक् असा आवाज होतो. तो आवाज पुस्तकात उपयोगी पडेल म्हणून दोनदा काढला. एक बोंबील चुलीतल्या निखाऱ्यावर धरला. केवळ वर्णनासाठी.

वर्णन: अप्रतिम.

झाकण परत लावलं. दुसऱ्याच्या वस्तू नीट ठेवाव्यात, हे संस्कार लहानपणचे.


मंगळ. २२ जुलै

अभ्यास जोरात चालू आहे. रोज दुपारी.

आज रात्री मात्र जरा विचित्र प्रसंग. सासूबाई डबा हातात घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, डबा हलका लागतोय. संघरत्नाने माझ्याकडे पाहिलं. मी रंगूकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच रंगूकडे पाहिलं. रंगू पंजा चाटत होती.

मी एक शब्दही बोललो नाही, हे इथे स्पष्ट नोंदवतो. मी फक्त बघितलं. मांजराकडे बघणं हा काही आरोप नव्हे.

श्वेता म्हणाली, रंगू डब्याला तोंड लावीत नाय. डबा परत फळीवर गेला.


बुध. २३ जुलै

सुचलं!

कालच्या प्रसंगातून थेट. प्रतिभा अशीच येते, पाणी भरताना, मोटर चालू असताना. उतरवून ठेवतो.

रंगू गं रंगू,
आता कुणाला सांगू?
फळीवर डबा,
बोंबलांची सभा!
झाकण काढलं टक्,
झाकण लावलं टक्,
एक मात्र ठेवला,
बाकी उभ्याने जेवला!
रंगू गं रंगू,
आता कुणाला सांगू?

तीनदा मोठ्याने वाचलं. अंगावर काटा आला. श्वेताला ऐकवलं तेव्हा ती 'टक्'ला हसली, पण शेवटी विचारलं की हे खोटं-खोटं आहे ना. मी म्हणालो, साहित्य आहे. तिला ते पुरलं असावं, कारण तिने वहीत उतरवून घेतलं.


शुक्र. २५ जुलै

शाळेत वाचन. मुलं वेडी झाली. 'टक्'ला बाकं वाजवली.

संजीवनी मॅडमनी बाजूला घेऊन एक शंका काढली. रंगू मादी आहे ना, मग 'जेवला' कसं? 'जेवली' हवं. मी सांगितलं, वर 'ठेवला' आहे, यमकासाठी सूट घ्यावी लागते. त्या म्हणाल्या, 'शेपटी तेवढी ठेवली, रंगू मस्त जेवली' असं करता येईल, यमकही नीट जुळतं. मी त्यांना समजावलं की त्यात ताकद नाही. 'जेवला'मध्ये जो अनुभव आहे तो 'जेवली'मध्ये येत नाही. मॅडम व्याकरणाच्या आहेत, कवितेच्या नाहीत. चांगल्या आहेत पण.

आजपासून श्रावण. शेजारचा कोंडू आणि त्याची बायको शकू कडक पाळतात. शकूने सुकटीचा डबा कापडात बांधून खुंटीला टांगला. आपल्या बौद्धांकडे वर्षावास चालू आहे, पण कालवणावर बंदी नाही. बंदी फक्त माझ्यावर.


मंगळ. २९ जुलै

लोकप्रियता म्हणजे काय ते आज कळलं. दुकानात साखर आणायला गेलो तर दोन पोरं मागून म्हणत आली. त्यांनी माझ्या 'रंगू गं रंगू'चं 'रंगू गो रंगू' केलंय. दुरुस्त करायला थांबलो तर पळाली. लोककलेत असे बदल होतातच.

मुरबाडहून संघरत्नाची आत्या आली होती, तिच्या नातवालासुद्धा पाठ. म्हणजे पुस्तक यायच्या आधीच मी दोन तालुक्यांत पोचलो.

एकच खटकतं. आळीत मला अजून कुणी इंद्रजीत म्हणत नाही. कवी तर नाहीच. 'गोजाबाईचा जावय'. दुकानदारानेही उधारीच्या पाटीवर नाही, पण बोलताना तेच म्हटलं.

संध्याकाळी शकू ओरडत आली. तिची टांगलेली सुकट निम्मी गायब. श्रावणात घरात कुणी खात नाही, मग गेली कुठे? तिनेच उत्तर दिलं: रंगू. तुमच्या जावयानं गाणंच केलंय ना तिच्यावर.

मला आश्चर्य वाटलं. शकूच्या सुकटीशी माझा, म्हणजे रंगूचा, काहीही संबंध नाही.


गुरु. ३१ जुलै

उलगडा झाला. आणि मन विषण्ण झालं.

बांधाकडे गेलो होतो. कोंडू आंब्याखाली पाठमोरा बसला होता. दचकून वळला. मिशीला सुकट. हातात कागदाची पुडी. श्रावण गुरुवार!

मी काही बोलणार तेवढ्यात तोच उठून जवळ आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"पाव्हनं, तुमची रंगू लय गुनाची. तिला जपा. ती हाय म्हनून आमचं निभतंय."

आणि डोळा मारला. 'आमचं' म्हणजे कुणाकुणाचं, ते मी विचारलं नाही. पुडी माझ्यापुढे केली. अपमान नको म्हणून चिमूटभर घेतली.

घरी येताना विचार केला. एका मुक्या प्राण्यावर स्वतःचं पाप ढकलायचं, त्याआडून खायचं आणि वर समाधानाने बसायचं. माणूस किती खाली जाऊ शकतो! कोंडूबद्दलचं माझं मत आजपासून बदललं.


शनि. २ ऑगस्ट

सासूबाईंनी डबा माळ्यावर हलवला. शिडी लावून चढल्या, ठेवला, उतरल्या. हात झटकले. म्हणाल्या, आता मांजर चढंल तर बघू.

मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडला. आता मोहच नाही. उद्यापासून दुसरी गोष्ट. 'रंगू आणि लोकरीचा गुंडा' असं डोक्यात होतं, पण आमच्या घरात लोकर नाही.


रवि. ३ ऑगस्ट

दु. १.३०. माळ्यावरून लिहितो आहे. संघरत्ना आणि श्वेता विहारात वाचनाला गेल्या आहेत. सासूबाई शेतावर. मला लेखनासाठी एकांत हवा होता आणि माळ्यासारखा एकांत कुठे मिळणार? उंचीवरून घर वेगळं दिसतं. डबा इथे आहे हे वर आल्यावर लक्षात आलं.

दु. २. खाली पावलं वाजली. शकू आली, हाका मारल्या, कुणी नाही असं बघून शिडी उचलून घेऊन गेली. गोठ्यावरचं प्लास्टिक उडालंय, त्यासाठी. मी हाक मारू शकलो असतो. पण मग वर काय करताय असं तिने विचारलं असतं, आणि साहित्यनिर्मिती तिला समजावणं अवघड आहे. हातात बोंबीलही होता.

दु. २.४०. उडी मारावी का? खाली पाटा-वरवंटा आहे. नको.

दु. ३.१५. खूप उकडतंय. वर पत्रा. तहान लागली आहे. बोंबील खारट.

रंगू वाशावरून चढून आली. माझ्यापुढे बसली. डोळे न हलवता बघते आहे. अर्धा बोंबील तिच्यापुढे टाकला. तिने हुंगला आणि तोंड फिरवलं. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. कमाल आहे. हे निरीक्षण पुस्तकात घेता येणार नाही, पूर्ण गोष्टच मोडते.

मग ती वाशावरून उतरून गेली. तिला जाता येतं.

सायं. ५. कुणीतरी शिडी लावली. आवाज नाही, हाक नाही. थोड्या वेळाने उतरलो. सासूबाई चुलीपुढे पाठ करून बसल्या होत्या. मी म्हणालो, ध्यान करत होतो. त्या म्हणाल्या, तोंडाला जाळी लागलीया ती पुसा.

रात्री संघरत्नाने विहारातलं सांगितलं. आजचा विषय होता, न दिलेली वस्तू न घेणं. फार चांगला विषय. कोंडू आपल्यातला असता तर त्याला पाठवला असता.


बुध. ६ ऑगस्ट

श्वेता शाळेतून रडत आली. आळीतली पोरं 'रंगू गो रंगू' म्हणत रंगूच्या मागे लागली. दगड मारले. मागचा पाय टेकवत नाही. संघरत्नाने धुऊन पट्टी बांधली. कुणाच्या घरी दूध सांडलं, कुणाची अंडी फुटली, कुणाचं पिल्लू गेलं, सगळ्याला आता रंगूच.

संघरत्ना म्हणाली, तुमच्या त्या गाण्यापायी. मी म्हणालो, समाज कविता नीट वाचत नाही त्याला कवी काय करणार.

श्वेता माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. रंगू तिच्या कडेवर.

"बाबा, तुमी दुसरं लिवा. रंगूनं नाय खाल्लं, असं लिवा."

मी म्हणालो, लिहितो. रविवारपर्यंत. अगदी नक्की. ती म्हणाली, यमक पायजे, नायतर पोरं म्हणणार नाय. माझीच मुलगी.


रवि. १० ऑगस्ट

वाटलं होतं तेवढं सोपं नाही.

'रंगूने नाही खाल्ला.' बरं. पुढे? वाचक लगेच विचारणार, मग कुणी खाल्ला? लहान मुलं तर हमखास विचारतात. उंदराने म्हणावं तर उंदीर झाकण लावत नाही. वाऱ्याने म्हणावं तर बोंबील वाऱ्याने जात नाहीत. कोंडूने म्हणावं तर त्याच्या घरात श्रावण मोडेल, शिवाय तो मग काय काय बोलेल सांगता येत नाही.

सकाळपासून बसलोय. 'खाल्ला'ला यमक 'हल्ला'. 'सल्ला'. 'गल्ला'. प्रत्येक यमक फिरून एकाच दारात येतं आणि तिथे मी उभा.

तिथे मी उभा, म्हणजे लेखक म्हणून.

श्वेता तीनचार वेळा डोकावून गेली. शेवटी सांगितलं, पंधरा ऑगस्टला. झेंडावंदनानंतर शाळेत नवी गोष्ट वाचतो, सगळ्या गावासमोर. तिने जाऊन रंगूला सांगितलं. मला ऐकू येत होतं.


गुरु. १४ ऑगस्ट

नवी गोष्ट तयार नाही. पण जुनी गोष्ट लोकांना हवी आहे, त्याचाही विचार केला पाहिजे. एखाद्या गाण्याची फर्माईश असते तेव्हा गायक दुसरं गातो का?

डोकं दुखतंय. बीपी असेल. दुपारी शिडी जागेवर नव्हती. मी सहज बघितली.


शुक्र. १५ ऑगस्ट

झेंडावंदन. पांढरा शर्ट. शाळेच्या पटांगणात सगळी आळी. सासूबाई नवं लुगडं नेसून पुढच्या खुर्चीवर. त्यांनी ते गाणं आतापर्यंत पोरांच्या तोंडून तुकड्या-तुकड्याने ऐकलं होतं, सबंध आज पहिल्यांदा.

माझी ओळख करून दिली: आपल्या गोजाबाईंचे जावई.

श्वेता पहिल्या रांगेत होती. मी माइकपुढे गेलो. नवं म्हणणारच होतो. खरंच. काहीतरी तिथल्या तिथे सुचलं असतं. पण पोरांनी आधीच सुरू केलं, रंगू गो रंगू, आणि एवढा आवाज, एवढ्या टाळ्या, की अडवणं बरं दिसलं नसतं. मीही त्यांच्याबरोबर म्हटलं. हातवारे करून. 'टक्'ला झाकण लावायची अ‍ॅक्शन केली. 'उभ्याने जेवला'ला उभ्याने जेवून दाखवलं. सगळं पटांगण हसलं. कोंडू सगळ्यांत जास्त.

श्वेता हसली नाही. सासूबाईही नाही. त्या पुढे वाकून नीट ऐकत होत्या. घरी जाताना एकदाच विचारलं, शेवटी काय म्हनलात, जेवली का जेवला? मी म्हणालो, जेवला. यमक आहे आई. त्या हं म्हणाल्या.

संध्याकाळी शकू चार बायका घेऊन ओट्यावर आली. मांजर पलीकडे सोडा, नाहीतर आम्ही सोडतो. नदीपलीकडे नेऊन सोडलं की मांजराला परतीची वाट कळत नाही, असं इथे सगळे मानतात. मला वाटलं सासूबाई त्यांना वाटेला लावतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. सगळ्याच माझ्याकडे बघत होत्या, श्वेतासुद्धा. मला घसा साफ करावासा वाटला. केला. पण पुढे काही आलं नाही.

मग सासूबाई म्हणाल्या, उद्या जावय नेतील स्कूटरवर, मुरबाड रस्त्याच्या पुलापलीकडं.

श्वेता रात्री जेवली नाही. मी तिला सांगितलं, काळजी करू नको, बाबा आहे ना.


शनि. १६ ऑगस्ट

सकाळी पोतं दिलं. रंगू त्यात स्वतःहून गेली, कारण पोतं श्वेताने धरलं होतं.

माझा प्लॅन पक्का होता. पुलापर्यंत जायचं, चहा घ्यायचा, परत फिरायचं. घरी सांगायचं की एवढ्या पावसात मुक्या प्राण्याला सोडणं मला जमलं नाही. वाक्यसुद्धा तयार होतं. फार सुंदर वाक्य होतं.

पुलावर एसटी मागे लागली. हॉर्न वाजवत होती. अरुंद पूल, तिथे वळता येत नाही. पलीकडे गेल्यावर वळणार होतो. तर मनात आलं, परत नेलं तर डबा आहेच, आणि डब्याचं उद्या कुणीतरी विचारणार. मांजर घरात असेल तर प्रश्न सुटत नाही. नसेल तर निदान मिटतो. सगळ्यांच्याच दृष्टीने.

एका शेतघराजवळ पोतं उघडलं. रंगू बाहेर आली, लंगडत, आणि स्कूटरच्या चाकाला अंग घासून तिथेच बसली. मला वाटतं तिला जागा आवडली. मी स्कूटर चालू केली. आरशात बघितलं नाही. पावसाने आरसा धुरकट झाला होता.

घरी आलो तर श्वेता दारात बसलेली. हातात दुधाची वाटी. मला बघून उठली. माझ्या हातातल्या पोत्याकडे बघितलं. ते घडी केलेलं होतं. वाटी तिथेच ठेवून आत गेली.

जेवायला बसलो. माझ्या ताटात दोडका नव्हता. सासूबाईंनी भाकरी वाढली, भाजलेले बोंबील वाढले, आणि सबंध डबा आणून माझ्या पुढ्यात ठेवला. उघडा. संघरत्ना बघत होती, तिने मिठाचं काही म्हटलं नाही.

"खावा जावय," सासूबाई म्हणाल्या. "आता घरात मांजर नाय. झाकून ठेवायला नको."

मी म्हणालो, आई, मला तर बीपी.

"रंगू असती तर जेवली असती. जेवला, असं तुमीच पाच गावांपुढं म्हनलात. आन झाकन लावनारं मांजर मी माझ्या जल्मात नाय बघितलं." आवाज अजिबात चढलेला नव्हता. "माळ्याखालनं शिडी काढली, तवाच बोलाल वाटलं. काल बायांपुढं बोलाल वाटलं. मंग वाटलं, पुलावरनं तरी मांगं फिराल. पोरीला मी तसंच सांगून ठेवलं होतं. बाबा रंगूला घेऊनच येतील, दूध काढून ठेव म्हनून."

म्हणजे शकूने शिडी आपल्या मनाने नेली नव्हती. सासूबाईंनीच तिला न्यायला लावली होती? हे विचारायची ती वेळ नव्हती.

ताटातला बोंबील उचलला. तोंडापर्यंत नेला. श्वेता समोर बसून भात खात होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

खाली ठेवला.


रवि. १७ ऑगस्ट

पहाटेच निघालो. मागे कोंडू. मी त्याला बोलावलं नव्हतं, पुलाच्या रस्त्याला तोच स्कूटरला हात करून बसला. खिशात सुकट होती त्याच्या, आणि माझ्या खिशात बोंबील. तिला आवडत नाही हे मला माहीत आहे, पण दुसरं काय न्यायचं ते सुचेना.

पलीकडे शेतघर, बांध, मोरी, सगळं पालथं घातलं. दोघे चिखलातून रंगू, रंगू करत. एक म्हातारा डोक्यावर इरलं घेऊन चालला होता, त्याने थांबून विचारलं की बायको रुसून गेलीय का, आणि कोणाची. कोंडू म्हणाला, दोघांची. म्हातारा भराभर निघून गेला. एरवी मी हे पुस्तकासाठी टिपून ठेवलं असतं.

शेतघरातल्या बाईने सांगितलं, काल एक लंगडं मांजर रस्त्याकडेला बसलं होतं. दिवसभर. येणाऱ्या गाड्यांकडे बघत. दूध दिलं तर पिईना. अंधार पडल्यावर नव्हतं.

दुपारपर्यंत हिंडलो. कोंडू एका दगडावर बसला आणि म्हणाला, मी आज शकूला सांगतो. मी म्हणालो, सांग. तो म्हणाला, तुमी कुनाला सांगनार? मी स्कूटरला किक मारत राहिलो. लागत नव्हती.

संध्याकाळी श्वेता पायरीवर होती. शेजारी बसलो. मग मला राहवेना. म्हणालो, मी नवी गोष्ट लिहितो. रंगू एकटी नदी ओलांडते, लंगडत लंगडत, वाट शोधत घरी येते. यमकंसुद्धा सुचली आहेत, चांगली आहेत. उद्याच लिहितो. उद्या नाही, आत्ताच.

तिने माझ्याकडे बघितलं. कालपासून पहिल्यांदा.

"मंग ती खरी येईल?"

मी म्हणालो, गोष्टीत येईल.

ती रस्त्याकडे बघत राहिली. एक रिक्षा गेली.

"तर नका लिवू, बाबा."